मागच्या चाकाचे दोन बोल्ट

प्रिय बन्सी,

मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही. अक्षर वाकडं येतंय. पाटी सुटून जमाना झाला, आणि कागद मांडीवर धरून लिहायलेय. लागेल तसं लावून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

कमल पडली. तू संक्रांत करून परभणीला गेलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी अंगणवाडीला निघाली, रोजच्यासारखी कॅनॉलच्या काठानं. उताराला मागचं चाक एकाएकी बाजूला गेलं. सायकल वर राहिली आणि ती खाली घसरली. गव्हाला पाणी सोडलेलं आहे, कॅनॉल काठोकाठ वाहतोय. बाभळीचं झुडूप हाताला लागलं म्हणून वाचली. उजवा हात मोडलाय, पाथरीला प्लास्टर घालून आणलं. तुला कळवू नका असं तीच म्हणाली. "त्येंला सांगू नका आत्या, सायकल इका म्हनतील." हात मोडला त्याचं काही नाही, तिला सायकलीचं पडलंय.

सायकल कसली आहे ते तुला सांगायला नको. तिच्या भावानं पुण्याहून पाठवलेली, डोंगरात चालवायची म्हणे, मागच्या चाकाला शॉकअप बसवलेला. आली त्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं होतं. तू मात्र दारात उभा राहून म्हणालास, "मेव्हण्याच्या सायकलीवर माझी बायको गावोगाव फिरणार, आन् मी एस.टी.त लोंबकळत यायचं." मी म्हणाले, मग तिच्या मागं बसून येत जा. तुला हसू आलं नाही.

कमलला घरी आणून निजवलं आणि मी सायकल उलटी करून ठेवली. मागचं चाक धरून हलवलं तर खटखट वाजायलं. मग सांध्यावर बोट ठेवून पुन्हा हलवलं. दोन जागी ढिली होती. एक, शॉकअप खाली जिथं बसतो तिथं, आणि दुसरी, मागचा सांगाडा मधल्या दांड्याला जोडलाय तिथं. कोरी करकरीत सायकल, आणि म्हाताऱ्याच्या दातासारखी डगडगायली. घरातले सगळे पाने लावून बघितले, एक बसेना. त्या बोल्टाला बाहेरून धरायला काही नाही. डोक्यात सहा कोपऱ्यांचं भोक आहे, त्यात वाकडी सळईच घालावी लागते. ती सळई सीटखालच्या थैलीत असायची. थैली रिकामी.

तोवर गावात भलतंच सुरू झालं. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवसापासून इथं माणसं एकमेकांकडं धड बघंनात. बुद्धवाड्यात पेढे वाटले, ते वरच्या आळीतल्या काहींच्या पोटात दुखायलेत. आणि कमलनं पडायच्या आदल्या दिवशी हवा भरून घेतली ती बुद्धवाड्यातल्या पंडितच्या सायकलीच्या दुकानात. झालं. वरच्या आळीतला दत्तराव पारावर बसून म्हणाला, "त्यानंच चाक ढिलं केलं. त्याच्याबिगर त्या सायकलीला हात कुणाचा लागला? लय माजलेत. बाजाराच्या दिवशी बघू त्याच्याकडं, दुकानासकट." आपल्या सुनेसाठी हे सगळे वाघ झालेत बघ. तिला नोकरी लागली तेव्हा हाच दत्तराव रस्त्यानं तिला मडमीण म्हणून हाका मारायचा.

पंडितची बायको सुमन भरदुपारी आपल्याकडं आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसली. "मावशी, आमची बारकी कमलताईच्याच अंगणवाडीत जाती. ताईच्या मांडीवर बसून खाती. आमचा मानूस कशाला असलं करंल?" रडली नाही. नुसतं विचारलं, "लेकरं घेऊन माहेरी जाऊ का?" मी तिच्यावरच खेकसले, की कुठं जायचं नाही, गप घरात बस.

दुसऱ्या दिवशी सायकल जीपच्या टपावर टाकून पाथरीला नेली. सायकलवाल्यांनी हात वर केले. शेवटी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा एक जण निघाला, त्याच्याकडं तसल्या सळयांचा जुडगा होता, एलनकी म्हणतात. त्यानं मागून नट धरला आणि दोन्ही बोल्ट कचकचून आवळून दिले. मी विचारलं, हादऱ्यानं ढिले झाले असतील का रे? म्हणाला, "न्हाई मावशी. ह्या नटात प्लास्टिकची कडी असती, आपोआप फिरत न्हाई. कुनीतरी बसून सैल केलेत. तुमच्या गावात एलनकी कुनाकडं हाय?" मी म्हणाले, कुणाकडंच नाही. पंडितच्या दुकानात दोन पाने, एक पक्कड आणि हातोडी, हे मला ठाऊक होतं. जीपमध्ये बसले आणि मला आठवलं.

संक्रांतीच्या सकाळी तू परसात सायकल उलटी घालून बसला होतास. मी तीळ भाजत होते. मला वाटलं, पोरगं निवळलं, बायकोच्या सायकलीला तेल द्यायलंय. लय बरं वाटलं होतं मला. घरी येऊन तू टाकून गेलेला पायजमा धुवायला काढला, तर ती सळई खिशात.

तुला तिला मारायचं नव्हतं. सायकल डगडगली की भिईल, भ्याली की घरी बसंल, एवढंच तुझ्या मनात. तुझी आई आहे मी, तेवढं मला कळतं. कॅनॉलच्या पाण्याला कळत नव्हतं.

आज बाजार आहे. सकाळीच पारावर जाऊन मी ती सळई दत्तरावापुढं टाकली. म्हणाले, सायकल माझ्या बन्सीनं ढिली केली, पंडितचं नाव घ्यायचं नाही. तर सगळे हसायले. दत्तराव म्हणतो, "केशरबाई, सुनेचा हात मोडला आन् तुमचं डोस्कं फिरलं. त्या पंडितनं दम दिला का तुमाला? आई असून लेकावर घेता व्हय?" माझं खरं धरायला एकही तयार नाही. त्यांना पंडितच पाहिजे.

म्हणून मी पंडितच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसलेय. इथंच बसून हे लिहायलेय. कमलला सगळं सांगितलं. ती प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्या शेजारी येऊन बसली. आत पंडित आहे, त्यानं फळ्या लावून घेतल्यात. दत्तरावाची माणसं समोरच्या हॉटेलात चहा पीत इकडं बघायलीत. दोन बायांना ओट्यावरून ओढून काढायचं अजून त्यांना जमंना. दिवस मावळला की जमंल. मला इथून हलता आलं असतं तर परभणीला येऊन कानाला धरून तुला आणलं असतं. हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते, दुपारी तुझ्या हातात पडंल. जी गाडी मिळंल तिच्यात चढ, आणि पारावर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांग. कमल तुला काय म्हणंल ते मला माहीत नाही, मी त्यात पडणार नाही. पण आधी पंडित. बाजार उठायच्या आत ये.

तुझीच
आई