सूसगावची सुवर्णकन्या

९ जून २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या खेळाडूंची सुरुवात कशी झाली हे पुढे कुणालाच नीट आठवत नाही, मग लोक वाटेल ते लिहितात. माझ्या बाबतीत तसं नको. तर नोंद: एस. वाय. बी. कॉम.च्या पद्मजाने आज लॅक्रॉस हा खेळ निवडला.

काठीला जाळी असते. जाळीत रबरी बॉल झेलायचा, पळवायचा आणि समोरच्या गोलमध्ये मारायचा. कॉलेजात नासिर सर शिकवतात. क्रिकेटला, बॅडमिंटनला फार गर्दी. लॅक्रॉसवाल्या महाराष्ट्रात आम्हीच, आणि एका टीमला लागतात तेवढ्याच, दहाजणी. शिवाय २०२८च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे. पुढचं गणित कुणीही करावं.

आईने काठी उलटसुलट करून पाहिली. आंबे काढायला बरी आहे म्हणाली.

१० जून
पहिली प्रॅक्टिस. बॉल झेलता आला नाही. सर म्हणाले, पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही. सकीनाला आला. ही पुण्याच्या कॅम्पातली, टी. वाय.ला आहे. तिला बिगिनर्स लक असावं.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून पळणे.

११ जून, सकाळी ९.४०
पाय दुखतायत. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग असतो असं नेटवर आहे. उद्यापासून नक्की.

१३ जुलै, रविवार
स्टॅमिनासाठी सकीनाबरोबर सायकलवर खडकवासल्याला. ती धरणाच्या पुढे पार पानशेतच्या रस्त्याला लागली. मी चौपाटीवर थांबले, कारण कुणीतरी थांबायला हवं होतं. दोन कणसं, एक प्लेट कांदाभजी. कार्ब्स. येताना मागच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून सायकल छोटा हत्ती टेम्पोत टाकून आले. ड्रायव्हरला लॅक्रॉस समजावून सांगितलं. त्याने रस घेतला.

२ ऑगस्ट
पहिली मॅच, हैदराबादच्या टीमशी. हरलो. सकीनाचे चार गोल. सर मला म्हणाले की तू बॉल आला की लांब पळतेस. यालाच स्पेस तयार करणं म्हणतात, पण सरांना शिकवणं बरं दिसत नाही.

सकीना मेहनती आहे. इन्स्टिंक्ट मात्र मेहनतीने येत नाही.

७ सप्टेंबर
गणपतीत प्रॅक्टिस झाली नाही. ढोल वाजवला. खांद्यांना तोच व्यायाम. उद्यापासून साडेपाच.

२८ सप्टेंबर
मोठी बातमी. राज्याच्या संघाची ट्रायल १२ ऑक्टोबरला, बालेवाडीला. दिल्लीहून निरीक्षक येणार. मग नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धा, जयपूर. टीमला दहाजणी लागतात, आम्ही दहाजणीच आहोत. म्हणजे निवड झाल्यातच जमा.

घरी तसंच सांगितलं. भैरूकाका महापालिकेला उभे राहणार आहेत. ते एकदम ताठ बसले आणि फोटो आहे का म्हणाले.

४ ऑक्टोबर
सूस फाट्यावर फ्लेक्स लागला. "सूसगावची सुवर्णकन्या! भारतीय लॅक्रॉस संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" माझा फोटो पासपोर्ट साईझचा. काकांचा डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, खाली "भावी नगरसेवक". मी काकांना सांगितलं की संघ भारताचा नाही, महाराष्ट्राचा आहे, आणि ट्रायल अजून व्हायची आहे. काका म्हणाले, "महाराष्ट्र भारतातच हाय."

मुद्दा बरोबर आहे. रिक्षावाल्याने मला ओळखलं. मीटरनेच पैसे घेतले, पण ओळखलं.

७ ऑक्टोबर
काकांनी जाहीर सत्कार ठरवला. १२ तारखेलाच, कारण आमदारसाहेबांना तोच दिवस मोकळा. ट्रायलही त्याच दिवशी. काकांना सांगितलं. ते म्हणाले, आमदारांची तारीख बदलत नसते, खेळाची बदलते.

सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "निरीक्षकांना जी दिसेल, तिचंच नाव जाईल." हा सर्वसाधारण नियम झाला. नऊजणींची टीम घेऊन सर काय जयपूरला जाणार आहेत? ज्या खेळाला दहा लागतात तिथे दहावी ही सर्वांत सेफ जागा.

आईचं मत वेगळं. लग्नाआधी बारसं करणारं घर पहिल्यांदा बघते म्हणाली. तिला स्पोर्ट्समधलं कळत नाही.

१२ ऑक्टोबर, रात्री
सत्कार दणक्यात. फेटा, शाल, नारळ, मंडईतून आणलेला हार. हारामुळे मान हलत नव्हती. आमदार आले नाहीत, त्यांचे पी. ए. आले. ते म्हणाले की अशा मुलींमुळे वॉर्डाचं नाव होतं. काका माझ्याबद्दल दोन वाक्यं आणि ड्रेनेजबद्दल अर्धा तास बोलले. मी भाषणात यशाचं श्रेय गावाला दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, फार छान वाटलं.

दुपारी सकीनाचे फोनवर फोन. मग मेसेज: सरांनी निरीक्षकांना चारपर्यंत थांबवलंय, आहेस तशी ये. मेसेज पाहिला तेव्हा तीन वाजले होते. सूसहून बालेवाडी असं कितीसं लांब, पंधरा मिनिटं. पण पंगत बसली होती, मटण वाढलं होतं, आणि सत्कारमूर्तीनेच ताटावरून उठणं बरं नाही. नंतर रस्सा थोडा जास्त झाला म्हणून जरा आडवी झाले.

१३ ऑक्टोबर
सरांनी नऊ नावं दिली. दहावी जागा रिकामी ठेवलीय. कुणासाठी ते उघड आहे. फोन येईल.

२५ ऑक्टोबर
दिवाळीत सरही बिझी असणार.

९ नोव्हेंबर
टीम जयपूरला गेली. नऊजणी.

काका म्हणाले की त्या पोरी परत येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, आख्ख्या गावाला तू जयपूरला असल्याचं माहीत हाय. सबब खोलीत आहे. शेजारच्या बायडाबाई साखर मागायला आल्या तेव्हा बाथरूममध्ये. त्या बराच वेळ बसल्या. माझ्या तब्येतीची चौकशी करत होत्या. आईने त्यांना जयपूरला थंडी फार आहे म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर तिने दार वाजवून मला स्वेटर दिला.

फायदा असा की आता डावपेचांचा अभ्यास करता येईल. उद्यापासून.

१३ नोव्हेंबर
संध्याकाळी सकीनाचा फोन. मी तिच्याशी नीट बोलायचं ठरवलं होतं, मनात काही न ठेवता.

टीमवाल्या सेमीफायनलपर्यंत गेल्या होत्या. नऊजणी दहाजणींशी खेळल्या आणि एका गोलने हरल्या. समोरची एक मुलगी सगळी मॅच मोकळी होती, तिच्यावर ठेवायला यांच्याकडे कुणीच नव्हतं. त्यांचे पाचही गोल तिनेच केले. सरांनी कुणालाच दोष दिला नाही, नुसते बेंचवर बसून राहिले.

मी तिला सांगत होते की तिथे स्पेस कशी तयार करायला हवी होती. तिने मला मध्येच थांबवलं. ती रडत होती. म्हणाली, "पद्मजा, तुला बॉल झेलता येतो की नाही, त्याचं काही नव्हतं गं. तू तिच्यासमोर नुसती उभी राहिली असतीस तरी आम्ही फायनलला गेलो असतो."

मी "हो ना" म्हणाले.

खाली काका विचारतायत की सेमीफायनल म्हणजे कितवा नंबर, फ्लेक्सवाला थांबलाय. मी गेले नाही. फार वाईट वाटतंय. झेलणं जमत नव्हतं, पळणं जमत नव्हतं. नुसतं उभं राहणं मला पहिल्या दिवसापासून येत होतं.