मोरी उभी करताना

बुधवार, १२ नोव्हेंबर

दयाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. देवाची कृपा. आता महिनाभर ती लेकीकडे, श्रीरामपूरला. डॉक्टरांनी बजावलंय, इथून पुढं जमिनीवर बसायचं नाही. म्हणजे मोरीत बसून भांडी घासणं बंद. आमची मोरी खाली, मागच्या दाराच्या कोपऱ्यात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथं उकिडवी बसत आलीय.

निर्णय : ती यायच्या आत मोरी काढून उभ्यानं भांडी घासायचं स्टीलचं सिंक. तिला अवाक्षर सांगायचं नाही. सरप्राईज.

इंजिनिअर वगैरे नको. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण साखर कारखान्याच्या पंपहाऊसवर उभी हयात गेली. पाणी मला कळतं. स्वयंपाकघरही मला नवीन नाही. दयाचा हात वरच्या फळीला पोचत नाही, डबे मीच काढून देतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी सिंकची जागा ठरवायला बसलो. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळ. ठरली नाही. तीन जागा आहेत. मागच्या दाराशी, खिडकीखाली आणि फ्रिजशेजारी. तिन्हींत गुण आहेत, हीच अडचण.

लेकीला, स्टेलाला, तेवढं विश्वासात घेतलं. म्हणाली, "पप्पा, मम्मीलाच विचारा ना कुठं पाहिजे." म्हटलं, विचारलं तर सरप्राईज कसलं? शिवाय बायकांना विचारलं की घोंगडं भिजत पडतं. "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. पटलं असणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

चर्चची उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, खिडकीखाली, उजेड असावा. कारखान्यातला माझा जुना जोडीदार कारभारी म्हणाला, मागच्या दाराशी, घाण दारातून बाहेर.

परत येताना शेजारच्या भीमाबाईनं कुंपणावरून न विचारताच सांगितलं, "गिदोनभाऊ, पानी ईशान्येलाच लागतं बरं का." म्हटलं, बाई, आम्ही ख्रिस्ती, आम्हाला दिशा लागू नाहीत. तर म्हणते, "मंग सूर्व्या काय तुमच्याकडं मावळतीला उगवतो व्हय?"

सिंकचं हिला कुणी सांगितलं कळत नाही.

घरी येऊन मोबाईलवर दिशा बघितल्या. केवळ माहितीसाठी. ईशान्येला खिडकी निघाली. आता तिथं सिंक लावलं तर भीमाबाई गावभर सांगेल, माझं ऐकलं म्हणून. खिडकी बाद.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शास्त्रीय पद्धत सापडली. पाणी उताराला धावतं. मग उतार कुठं आहे तेच बघायचं. पाणी ओतून फरशी भिजवण्यापेक्षा लिंबू सोडलं. गडगडत गेलं ते थेट फ्रिजखाली. दुसरं सोडलं, तेही. तिसरंही. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. सिंक फ्रिजशेजारी.

तिसरं लिंबू काढताना कंबरेत उसण भरली. उरलेली दोन आत आहेत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

अजिनाथ गवंडी येऊन बघून गेला. त्याची आई अकोल्याची, म्हणजे दयाच्या माहेरगावची. माणूस विश्वासाचा. प्लंबिंगही तोच करतो. त्याला लिंबाचा प्रयोग करून दाखवला. (आता तीन आत आहेत.) त्यानं वाकून फ्रिजखाली बघितलं. मग म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, काका." अशी माणसं दुर्मिळ.

सरप्राईज आहे, कुठं बोलू नको, असं तीनदा सांगितलं. म्हणाला, "काका, ह्या कानाचं त्या कानाला न्हाई कळनार."

सोमवार, २४ नोव्हेंबर

मोरी फोडली! एका सकाळीत राडारोडा बाहेर. कामाला असा वेग पाहिजे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

अजिनाथ शिर्डीला. एका लॉजचं बाथरूम तुंबलंय म्हणे. दोन दिवसांत येतो म्हणाला.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी म्हण आहे. आमच्याकडे मोरीच नाही, बोळा कशात घालू? कालपासूनची भांडी बादलीत. आज एका ताटात दोन वेळा जेवलो. पत्रावळी आणाव्यात का? पण चहाचं काय? चहा पत्रावळीत घेता येत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भांडी अंगणातल्या नळावर नेली. पंप खोलून साफ करणाऱ्याला चार भांड्यांचं काय!

पाचव्या भांड्याला गुडघे बोलायला लागले. कुकर झाल्यावर उठता येईना. नळ धरून कसाबसा उठलो. दया कशाला धरून उठायची, ते आठवत बसलो. आठवेना. मोरीत धरायला काही नव्हतंच.

ते असो. भीमाबाई कुंपणाशी होती. म्हणाली, "भाऊ, हात बसला की तुमचा! कुकर लई चकाकतोय." मोबाईलवर फोटोही काढला. मी जरा मान ताठ केली. जुन्या माणसांचं कौतुक करणारी माणसं अजून आहेत गावात.

सोमवार, १ डिसेंबर

अजिनाथ उगवला. ओरडायचं ठरवलं होतं, पण आल्या आल्या त्यानं चहा मागितला, आणि चहा पिणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही.

त्याची कुणी मावशी आजारी असावी. सारखे फोन. दाराबाहेर जाऊन बोलतो, "व्हय मावशी. न्हाई मावशी. तुमी काळजीच करू नका मावशी." कुटुंबवत्सल माणूस. विचारलं, तब्येत कशी आहे मावशीची? म्हणाला, "गुन येतोय आता."

मग मला भिंतीशी ताठ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली. म्हटलं, हे कशाला? म्हणाला, "सिंकच्या उंचीला." म्हटलं, माझं माप? "काका, घर तुमचं, मंग माप काय कारभारीबुवाचं घेऊ?"

मुद्दा बिनतोड. घराचं माप कर्त्या माणसाचंच.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी कारखान्यातल्या एका सोबत्याच्या मातीला जाऊन आलो. येऊन बघतो तर सिंक बसलेलं. खिडकीखाली!

फ्रिजशेजारी सांगितलं होतं ना, म्हणून आवाज चढवला. अजिनाथ म्हणाला, "काका, ढाळ तिकडंच निघाला. मी तरी काय करनार?" पाण्याच्या ढाळापुढं, उतारापुढं, कुणाचं चालत नाही, हे पंपहाऊसवरच्या माणसाला सांगायला नको.

नंतर शांतपणे विचार केला. १३ तारखेची नोंद काढून बघितली. खिडकीखालची जागा मीच सुचवलेली आहे, भीमाबाईच्या तीन दिवस आधी. म्हणजे मूळ कल्पना माझीच अमलात आली. फ्रिजचा विचार मधल्या काळातला.

मंगळवार, ९ डिसेंबर

नळ सुरू. पाणी कसं सुर्रकन जातं! पहिला कुकर मीच धुतला. कंबर वाकत नाही, खांदा चढत नाही, कोपर बरोबर काठाला. जणू माझ्यासाठीच घडवलंय. दयाला काय सुख होईल!

तिच्यासाठी खिडकीशी एक खुर्चीही आणून ठेवा, असं स्टेलानं सुचवलं. उभ्यानं भांडी घासायच्या ठिकाणी खुर्ची कशाला, कळलं नाही. तरी ठेवली. पाहुण्यांना होईल.

रविवार, १४ डिसेंबर

दया आली. काठी घेऊन, हळूहळू, पण स्वतःच्या पायानं. तिला दारात बघितलं आणि महिनाभर घर किती रिकामं होतं ते आत्ता कळलं. तिला म्हणालो नाही.

डोळे मिटायला लावून स्वयंपाकघरात नेलं. उघड म्हटलं. तिनं डोळे उघडले. "अगबाई!" म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली असं वाटलं.

मग सिंकसमोर उभी राहिली. सिंकचा काठ तिच्या छातीला. नळाला हात लावायचा तर दोन्ही हात वर. पाळकसाहेब शेवटी आशीर्वाद देतात तशी उभी. वरच्या फळीला जिचा हात पोचत नाही, तिला माझ्या कोपराचं माप कसं पुरणार? हे महिनाभर माझ्या ध्यानात आलं नाही.

म्हणालो, दया, चुकलं माझं. उद्या अजिनाथला बोलावतो, फोडून खाली घेतो.

ती म्हणाली, "अहो, राहू द्या. इतकं छान बसलंय, फोडायचं कशाला? तुमच्या हाताशी तर आलंय ना?" आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची तिला अगदी बरोबर झाली.

तेवढ्यात अजिनाथ उरलेली पाईप न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "मावशी, माप बराबर हाय ना?"

दया म्हणाली, "एकदम बरोबर."

मी विचारलं, मला काका म्हणतोस, तर ही तुझी काकू. मावशी कशी?

म्हणाला, "असं काय करता काका? आई माझी अकोल्याची, ह्या बी अकोल्याच्या. मंग माझी मावशीच की!"

हे मला माहीत होतं. २२ तारखेला मीच लिहून ठेवलंय.

दयाला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, "तुम्ही लिंबं सोडली त्या दिवसापासून. भीमाबाईनं खिडकीतून बघितलं." मग मोबाईल काढून मला एक फोटो दाखवला. अंगणातला नळ, चकाकणारा कुकर आणि मान ताठ केलेला मी. "हा फोटो आला त्याच दिवशी अजिनाथला सांगितलं, ह्यांचंच माप घे म्हणून."

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला. मग ती म्हणाली, "आणि फ्रिजखालची लिंबं काढा. वास येतोय."

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळ.

तीन कप, तवा, कढई, रात्रीचा कुकर. बाहेरून भीमाबाई : "जमतंय का भाऊ?" आतून, खुर्चीतून : "कढईच्या कानाखाली राहिलंय."

खिडकीतून उजेड चांगला येतो. सगळं स्वच्छ दिसतं. आतल्याला बाहेरचं आणि बाहेरच्यांना आतलं.

सिंकची जागा अचूक आहे, हे मी अजूनही म्हणतो.

जास्त लिहीत नाही. हात ओले आहेत.