बाबांसाठी वाइनचं दुकान

५ जानेवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ. मागच्या वर्षीचे काही शिल्लक होते, तेही यातच धर.

तुमचे कोर्टाचे कागद झाले असं चिरंजीवांनी फोनवर कळवलं, विजेचं बिल भरलं असं कळवावं त्या सुरात. मला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे माझ्यापुरता मी तो निकाल मानत नाही. नव्या घरी एकटी गेलीस, तिथे पंखा लागला का, नळाला पाणी नीट येतं का, कळव.

आता कामाचं. तुझ्या सासूबाई गेल्यापासून मी संध्याकाळी अर्धा पेला वाइन घेतो हे तुला ठाऊक आहे, चिरंजीवांना नाही. आमच्या गावात दुकान एकच. जाळीमागे एक माणूस बसतो. पैसे आत, बाटली बाहेर, वर वर्तमानपत्र गुंडाळून. काल त्याला विचारलं की ही कशी आहे, तर म्हणाला, लाल आहे. मी जन्मभर गुरांचा डॉक्टर होतो, पेशंट बोलत नाही याची मला सवय आहे, पण दुकानदाराने तरी बोलावं. तुझ्या एवढ्या मोठ्या शहरात असं एखादं दुकान असेलच, जिथे मालक स्वतः उभा असतो, माल स्वतः चाखून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सांगतो. साखळी दुकानं नकोत, तिथे वाइन आणि फिनेल एकाच ट्रॉलीतून येतं. शोध, आणि एक लाल, गोड नसलेली, पाठव. रविवारी घरात कुढत बसू नकोस.

लोभ आहे तो असू द्यावा, कागदपत्रांची अट नाही.
बाबा


२१ जानेवारी

ती. बाबांना सा. न., आणि वि. वि. म्हणजे तक्रार.

पंखा लागला. नळाला पाणी येतं, त्याच्या मनाला येईल तेव्हा. लॅबमध्ये काम भरपूर आहे. शहरातल्या इतक्या लोकांचे दात का पडतायत कळत नाही, पण पडोत बापडे, माझं पोट त्यावर आहे. दिवसभर कवळ्या घासायच्या, घरी यायचं, झोपायचं. तुमच्या कामामुळे निदान दोन रविवार बाहेरचे कपडे घातले.

पहिलं दुकान तळघरात. आत इतका अंधार की बाटल्यांच्या आधी मालकाचा चष्मा दिसला. गळ्यात मफलर, आवाज दवाखान्यातला. त्याने एक पेला हुंगायला दिला आणि विचारलं, काय येतंय. मी म्हटलं, वाइनचा वास येतोय. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, यात ओला दगड आहे, जुनं चामडं आहे आणि मागाहून थोडी शिसपेन्सिल येते. मी विचारलं, द्राक्षं कधी येतात. त्यावर त्याने पेला काढून घेतला.

दुसरा मालक बोलका, फारच बोलका. जी बाटली उचलावी ती त्याची सगळ्यात लाडकी. मी मुद्दाम कोपऱ्यातली, धूळ बसलेली उचलली, तर तीही. शेवटी कंटाळून तीच घेतली, ती पाठवते आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही. चुकलं तर दात काढू नका, ते काम माझ्या डॉक्टर लोकांचं आहे.

लोभ कमी होणार असेल तर आधी कळवा.
तुमची
दातवाली


४ फेब्रुवारी

चि. दातवालीस,
आशीर्वाद, या वेळी जपून.

बाटली पोचली. ही वाइन नाही. पोट फुगलेल्या बैलाला मी नळीने पाजायचो ते हे औषध आहे. निम्मी सिंकमध्ये ओतली, सिंक लख्ख झालं. बाटलीवर धूळ का बसली एवढं तरी विचारायचंस. पण हरकत नाही. तू दोन ठिकाणी गेलीस, दोन माणसांशी वाजवून आलीस, पत्राला जरा रंग आला. पुढचं दुकान बघ.

बाबा


२६ फेब्रुवारी

ती. बाबा,
सा. न., कॉलर ताठ करून.

सापडलं. आमच्या लॅबच्याच मागच्या गल्लीत, चाव्या बनवणारा आणि लॉन्ड्री यांच्या मधोमध. मी इतकी वर्षं तिथे काम करते आणि त्या गल्लीत कधी वळले नव्हते. दुकान बोळाएवढं, पण फळ्या पार छतापर्यंत, आणि त्यांना टेकलेली चाकांची शिडी. शिडीवर साठीची एक बाई, पायात कॅनव्हासचे बूट. मला बघून ती खाली उतरली नाही, फळ्यांना धरून शिडीसकट घरंगळत माझ्यासमोर आली. हीच मालकीण. आधी शाळेची बस चालवायची, म्हणून अजूनही निघण्याआधी मागे बघते.

तिने विचारलं, कोण पिणार. मी म्हटलं, सासरे. जरा थांबून म्हटलं, माजी. मग तिने विचारलं, एकटे पितात की कुणाबरोबर. एकटे, खिडकीत बसून, मी म्हटलं. गटागटा की घोट घोट, हे काही मला सांगता येईना. तर म्हणाली, मग काय ओळखतेस तू त्यांना. मला राग आला, म्हणून मी तुमच्याबद्दल सांगतच सुटले. गाईच्या कानात बोलून इंजेक्शन द्यायचात ते, सासूबाईंच्या आजारपणात स्वयंपाक शिकलात ते, आणि अजून भाजीत मीठ दोनदा पडतं तेही. ऐकता ऐकता ती वर चढली आणि अगदी वरच्या फळीवरून एक बाटली काढली. म्हणाली, ही हळू बोलणारी आहे, एकट्या माणसाला बरी. मीही तिथे एक घोट घेतला. दगडबिगड काही लागलं नाही. आधी आंबट, मग छातीपर्यंत ऊब. मी आता शनिवारी तिथे जाऊन बसते. ती मला खोकी उघडायला लावते.

लोभ वाढला तर अर्धा शिडीवालीला.
दातवाली


१२ मार्च

चि. दातवालीस,
आशीर्वाद, सढळ हाताने.

बाटलीबद्दल काही लिहीत नाही. गोष्ट खरंच चांगली निघाली की माझी बोलती बंद होते. शिडीवालीला आभाराचं वेगळं पत्र टाकलं, तिचं उत्तरही आलं. अक्षर चालत्या बसमध्ये काढल्यासारखं आहे. डोळे तपासून घ्यायला तुमच्या शहरात यावं म्हणतो. डोळे आमच्या गावातही तपासतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. महिनाअखेरीला येतो, चार दिवस तुझ्याकडेच उतरेन.

बाबा


३ मे

स. न. वि. वि.
तुला कसं लिहावं ते सुचत नाही, म्हणून ऑफिसातल्यासारखं लिहितो आहे.

बाबा चार दिवसांसाठी तुझ्याकडे आले, त्याला महिना होऊन गेला. फोन केला की मागे बाटल्यांचा आवाज. परवा विचारलं कुठे आहात, तर म्हणाले कामावर. आमच्या ऑफिसातला एक जण तिकडे आला होता, त्याने त्यांना त्या दुकानात पाहिलं. अंगात एप्रन, आणि गिऱ्हाइकाला सांगत होते की ही बाटली जरा बुजरी आहे, उघडून अर्धा तास तिच्याकडे बघू नका. आईला जाऊन तीन वर्षं झाली नाहीत आणि हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ एका बाईची शिडी धरून उभे असतात. तू त्यांना तिथे नेलंस, तूच त्यांना घरी पाठव. लोक काय म्हणतील याचा तरी विचार कर.

आपला,
नाव तुला ठाऊक आहे


१० मे

तुझ्या स. न. ला माझा स. न.

लोक काय म्हणतात ते मी गल्लीत विचारून आले. म्हणतात, म्हातारा मजेशीर आहे, आणि दुकान रविवारी बंद का. बाबा दारूच्या आहारी गेलेले नाहीत. दुकानात लागल्यापासून रोजचा अर्धा पेलाही विसरतात, कारण तोंड बोलण्यात गुंतलेलं असतं. मी त्यांना पाठवणार नाही, ते पार्सल नाहीत.

एक मात्र तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मलाही हे बरं वाटलेलं नाही. मी दुकानात जाणं बंद केलंय. ते संध्याकाळी जेवायला घरी येतात, तिच्याच गोष्टी सांगतात आणि मी मान डोलवत ऐकते. तुझ्या घरातून मी भांडी आणली नाहीत, पडदे आणले नाहीत, एवढं एकच माणूस कसंबसं आणलं होतं. आता तेही दुसरीकडे चाललं. तू मुलगा आहेस, रुसलास तरी मुलगाच राहशील. माझं नातं मी कशाला टेकवून उभं करू.

याला उत्तर पाठवू नकोस. लोभ होता, हे कबूल आहे.


२८ मे

चि. दातवालीस,
आशीर्वाद.

तू कामावर असताना न सांगता निघून आलो, राग मानू नकोस. घरी पोचलो, तब्येत बरी आहे. चिरंजीव भेटून गेले, खुशीत होते. त्यांना वाटतं मी त्यांच्या सांगण्यावरून परत आलो. मी ते तसंच राहू दिलं, मुलाला अधूनमधून यश मिळावं. तुझ्या पत्रात दुकानाचा विषय नको. शिडीचाही नको.

बाबा


८ जून

ती. बाबा,
सा. न., आणि वि. वि. बरीच आहे, बसून वाचा.

दुकानाचा विषय नको म्हणालात, तेव्हा फक्त दातांचं लिहिते. परवा शिडीवाली लॅबमध्ये आली, तोंडावर रुमाल धरून. वरची कवळी मधोमध तडकलेली. आमच्याकडे लोक येत नसतात, डॉक्टर नुसत्या कवळ्या पाठवतात, पण ही थेट आत येऊन माझ्या स्टुलावर बसली. मी कवळी जोडत होते आणि ती बिनदाताची बोलत होती. निम्मं कळलं, ते पुरेसं होतं. तुम्ही तिला लग्नाचं विचारलंत, तेही ती शिडीच्या टोकावर असताना. तिला इतकं हसू फुटलं की कवळी निसटून फरशीवर पडली. तुम्ही ती उचलून रुमालाने पुसलीत, तिच्या हातात दिलीत, एप्रन खुंटीला लावलात आणि निघून आलात.

बाबा, ती तुम्हाला हसली नाही. एका नवऱ्याचे मोजे धुऊन झाले, आता दुसऱ्याचे धुणार नाही, हे तिने कधीच ठरवून टाकलंय. तुम्ही विचारलंत तेव्हा त्या ठरवण्याचं तिला पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि तिला वाईट वाटलं की हसू येतं. लग्न नाही म्हणजे नाही. पण गिऱ्हाइकं रोज तुमची चौकशी करतात, आणि तिला दुकानात माणूस हवा आहे, पगारावर. दुकान बंद केल्यावर एक पेला तुमच्याबरोबर घेईल, हेही तिने सांगितलं, आणि सांगताना तोंडावरचा रुमाल खाली घेतला. कवळी नसलेल्या बाईने दुसऱ्यासमोर एवढं करणं ही लहान गोष्ट नाही, हे मी धंद्यातली म्हणून सांगते.

मग म्हणाली, तू का येईनाशी झालीस ते मला कळतं, पण तुझा माणूस मी कुठे नेला, तो तर दिवेलागणीपासून घड्याळ बघत असायचा, म्हणायचा पोरगी जेवायची थांबली असेल. मला हातातलं काम ठेवावं लागलं. प्लास्टरची पूड डोळ्यांत गेली असं मी सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण रुमाल पुढे केला.

तेव्हा आता बॅग भरा. माझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे, मी घरमालकिणीला विचारून आले. तिने विचारलं, कोण राहणार. मी म्हटलं, सासरे. तिने माझ्या खोलीत डोकावून पाहिलं आणि मग नवरा कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, तो परत केला, सासरे ठेवून घेतले. तिने जरा विचार केला आणि किल्ली दिली.

लोभ घेऊन या, बाकीचं सामान इथे मिळतं.
तुमची
सून