पहिल्या हाकेला हो म्हणायचं नसतं

सोलापूर,
रविवार, नळाला पाणी आलेला दिवस

मोहोळच्या आदरणीय विहीणबाईंना सोलापूरच्या नागूबाईचा मनापासून जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला थांबला का? शेळी व्याली का, आणि किती झाली? आम्ही हितं सगळे बरे आहोत. यशपाल बरा आहे. तुमची लेक बरी आहे (जरा वाळली आहे, पण ते माझ्यामुळं नाही, दवाखान्यात तिच्या ड्युट्या लई वाढल्यात). माझं म्हणाल तर मी इतकी आनंदात आहे की आज पाणी भरून झाल्यावर नळ बंद करायचाच विसरले. पाचव्या दिवशी आलेलं पाणी गटारात चाललं म्हणून सगळी गल्ली माझ्या नावानं ओरडत होती आणि मी दारात उभी राहून हसत होते.

पत्र बघून तुम्ही दचकला असाल. फोन असताना म्हातारी कागद का खराब करते, असं मनात आलं असेल. तर फोन माझ्याकडं नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून तो जप्त केला आहे, का ते पुढं येईलच. आणि दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, मधेच ठेवता. कागदाला तसं करता येत नाही. हे सगळं माझ्या हातचं आहे बरं का. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत, तेही पावसाळा सोडून. आपली साक्षी पहिलीत असताना तिच्या पाटीवर मी परत गिरवायला बसले. ती मला छडी मारायची, खरोखरची. आज तिच्याच कृपेनं तुम्हाला लिहिते आहे. व्याही वाचून दाखवत असतील तर कंसातलं त्यांनी मनात वाचावं. खाली ताजा कलम आहे, तो मात्र मोठ्या अक्षरात काढला आहे. तो तुमचा तुम्ही वाचा.

तर साक्षीला हैदराबादच्या त्या मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला जागा मिळाली, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यामुळंच मिळाली, तेव्हा तुम्हाला माहीत नसून कुणाला असणार! पण मोहोळच्या बाजूला काय झालं ते तुम्ही बघितलं, सोलापूरच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. यशपाल सांगतो ते अर्धं खोटं आहे. मी झोपले नव्हते, नुसती आडवी झाले होते.

पहिल्यापासून सांगते. जमिनीखाली पाणी कुठं असतं, किती असतं, ते कसं शोधायचं, ह्याचं ते शिक्षण आहे. मी म्हटलं, बाई, आपल्याला जमिनीवरचं पाणी पाचव्या दिवशी मिळतं, तू शिकून आलीस तर चौथ्या दिवशी मिळेल का? ती म्हणाली, आजी, ते पाणी वेगळं. असेल. फॉर्म भरायला आम्ही नवी पेठेत शिवयोगीच्या दुकानात गेलो. शिवयोगी म्हणजे झेरॉक्सवाला, माझ्या यशपालच्या वयाचा आहे, केस मात्र सगळे गेले, लोकांचे फॉर्म भरून भरून. त्यानं सगळे कागद मागितले. मी पत्र्याचा डबा उघडला. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, मार्कलिस्टा, सगळं जपून ठेवलेलं. (डबा शेंगाचटणीच्या बरणीशेजारी असतो. बारावीच्या मार्कलिस्टवर, बरोबर रसायनशास्त्राच्या मार्कांवर, तेलाचा डाग पडला होता. शिवयोगीनं वास घेतला आणि म्हणाला, आजी, चटणी घरची का? मी दुसऱ्या दिवशी त्याला पावशेर नेऊन दिली. त्यानं तो डाग मशिनीत असा काही घालवला की काय सांगू.) फोटोला मागं पांढरं पाहिजे होतं, तर माझ्या पांढऱ्या लुगड्याचा पदर धरून मी मागं उभी राहिले. विद्यापीठाकडं जो फोटो गेला आहे, त्यात नात पुढं आहे आणि मागं आजीचा पदर आहे. हे त्या लोकांना माहीत नाही.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुम्हाला पुढं का शिकायचं आहे? पाचशे शब्दांत लिहा. मला रागच आला. भुकेल्याला कुणी विचारतं का, का जेवायचं आहे, पाचशे शब्दांत सांग? पण साक्षीनं लिहिलं. आणि मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात एक बाई होती, तीस वर्षं विड्या वळणारी, पाणी आलं की हातातलं सूप टाकून घागर घेऊन पळणारी. मी विचारलं, ही कोण गं बिचारी? तिनं माझा हात धरला आणि पुढचं वाचायला लागली.

आता फोन. फॉर्मच्या आदल्याच आठवड्यात पाणी भरताना साक्षीचा फोन बॅरलमध्ये पडला. म्हणून फॉर्मवर नंबर माझा टाकला. पुढं तिला दुसरा फोन घेतला, पण फॉर्मवर नंबर माझाच राहिला. शिवयोगी म्हणाला, बरंच आहे, सगळ्यांचे नंबर बदलतात, आजीचा बदलत नाही. (हे त्याचे शब्द. नंतर बदलले.)

तुमच्याकडं साक्षी राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बाराच्या सुमाराला, फोन वाजला. विद्यापीठातून एक बाई बोलत होती, हिंदीत, लई गोड आवाज. म्हणाली, साक्षीचं नाव लागलं आहे, एक जागा मोकळी झाली आहे, घेणार का? हो म्हणा, मी आत्ता नक्की करते.

विहीणबाई, मला सगळं कळलं होतं. यशपाल म्हणतो आईला कळलं नाही, ते खोटं आहे. चांगलं कळलं होतं. पण माझ्या आईनं मला लहानपणी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पंगतीत पहिल्या वाढपाला हो म्हणायचं नाही, आणि मुला-मुलीला कुणी मागणी घातली की पहिल्या हाकेला हो म्हणायचं नाही. हपापलेल्या माणसाची किंमत राहत नाही. आमची पोरगी काय रस्त्यावर पडली आहे का, की बोलावलं की पळत यायला? म्हणून मी घसा साफ केला आणि तिच्या हिंदीत म्हटलं, "अब्बी कैसा बोलेंगे बाई? घर में सबको पूछना पडता. और बी दो जगा देखने का चालू हाय. सोच के बोलेंगे."

ती म्हणाली, चार वाजेपर्यंत सांगा, नाहीतर पुढच्याला देईन. आता नवी पेठेत पन्नास वर्षं लुगडी घेणाऱ्या बाईला कुणी असं घाबरवतं का? प्रत्येक दुकानदार म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. आपण पायरी उतरायची. तिसऱ्या पायरीला तो मागून हाक मारतो. मी म्हटलं, "बेस्तरवार के बाद देखेंगे," आणि फोन ठेवला. मग खरोखरच पायरी उतरल्यासारखी दारात जाऊन उभी राहिले. हाक काही आली नाही. म्हटलं, जेवायची वेळ आहे, जेवून करतील. मीही जेवले आणि जरा आडवी झाले.

अडीच वाजता तुम्हाला फोन केला तो मोठेपणा सांगायला. खोटं का बोलू? तुमच्या नातीला कुणीतरी मागत आहे आणि मी ताणून धरलं आहे, हे तुम्हाला ऐकवायचं होतं. तुम्ही सगळं शांतपणानं ऐकलं आणि मग जे बोललात ते मी शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे मला ते पाठ आहे हे तुम्हाला कळेल. "विहीणबाई, तुमी माझ्या लेकीपायी मला अकरा दिवस ताटकळत ठिवलं. ते मी गिळलं. नातीवर हा डाव खेळू देणार न्हाय. नंबर द्या त्या बाईचा!"

नंबर! तो फोनच्या पोटात कुठं असतो हे मला काय ठाऊक? तो काढायला मी बटण दाबलं आणि तुम्हीच गेलात. परत दाबलं तर अलार्म लागला. तसाच वाजता फोन घेऊन उठले. पायात यशपालची चप्पल घालून रिक्षानं नवी पेठ गाठली. रिक्षावाल्याला वाटलं दवाखान्यात चालले आहे, त्यानं पैसेच घेतले नाहीत (त्याचंही भलं होवो). शिवयोगीनं नंबर काढला, तुम्हाला कळवला, आणि घड्याळाकडं बघून म्हणाला, आजी, तीन चाळीस. चारला वीसच मिनिटं राहिली.

पुढची पंचवीस मिनिटं मी त्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. समोर एक पोरगी पासपोर्ट फोटो काढत होती आणि शिवयोगी तिला सांगत होता, हसू नका. माझ्या मनात येत होतं, तीस वर्षं विड्या वळल्या, नातीच्या हातात कधी विडीचं पान-तंबाखू येऊ दिलं नाही, आणि आता माझ्याच तोंडानं तिची जागा घालवली. ती मला काही बोलणार नाही, हेच लई वाईट. पाटीवर छडी मारायची तशी मारली असती तर बरं.

तुमच्या बाजूचं मला साक्षीनं सांगितलं. नंबर सारखा गुंतलेला. चारला पाच मिनिटं कमी असताना लागला आणि पोरगी नुसती हॅलो, हॅलो करत बसली. तुम्ही फोन तिच्या हातातून ओढून घेतलात, शेळीला पेंड घालता घालता, त्याच हातानं. त्या बाईनं विचारलं, दादीनं तर नाही म्हटलं होतं ना? आणि तुम्ही म्हणालात, "वो दादी हाय, मैं नानी हाय. लडकी मेरी बी हाय. जागा देव, अब्बीच देव!" ती बाई हसली म्हणे, आणि चारच्या आत नाव लावून मोकळी झाली. विहीणबाई, तुम्हाला हिंदी येतं हे पंचवीस वर्षांत तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत!

शिवयोगीचा फोन वाजला, तो "झालं आजी" म्हणाला, आणि मी त्याच्या त्या टकलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. फोटोवाली पोरगी हसली. तिचा फोटो परत काढावा लागला.

तुमचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही. यशपाल म्हणाला, साडी दे. मी म्हटलं, त्यांनी नात दिली, मी साडी देऊ? सोबत शेंगाचटणी पाठवते आहे. व्याह्यांना खोकला असेल तर त्यांनी दुरून वास घ्यावा.

सगळ्यांना जय भीम. शेळीचं कळवा.

तुमची आभारी,
नागूबाई

ता. क. हे तुमचं तुम्ही वाचा. त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला एक हिशेब सुचला, तो नंतर शिवयोगीला मशिनीवर करायला सांगितला. मी पंचवीस मिनिटं थांबले तर मेल्यासारखी झाले. तुमच्या अकरा दिवसांत अशा पंचवीस मिनिटांच्या किती खेपा बसतात? सहाशे तेहतीस, वर थोडं राहतं. व्याही दोनदा सोलापूरला आले, चहा पिऊन रिकामे गेले. मी दोन्ही वेळा म्हटलं, विचार चालला आहे.

ता. क. दुसरा. विचार काहीच चालला नव्हता. तुमची लेक बघून आम्ही परत निघालो, एसटी अजून मोहोळच्या स्टँडात उभी होती, तेव्हाच साक्षीचे आजोबा म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय, उद्याच कळवू." मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, पहिल्या हाकेला हो म्हणायचं नसतं. ते गेले, पण हे सांगायचं माझ्याकडं राहून गेलं होतं. चुकले मी, विहीणबाई.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं ह्याच्यासाठी आहे. साक्षीला हैदराबादला पोचवायला यशपालला रजा नाही आणि तुमच्या लेकीला ड्युटी आहे. मी एकटी गेले आणि तिथं परत कुणी काही विचारलं, तर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. तुम्ही पाहिजे. शिवयोगीकडून तीन तिकिटं काढून ठेवली आहेत, एक तुमच्या नावाचं, खिडकीजवळचं. हे पत्र यशपाल आज तुमच्या हातात देईल. त्याला लगेच हो म्हणू नका. बसवा, चहा पाजा, आणि विचार करून कळवतो म्हणून रिकामा परत लावा. चांगले अकरा दिवस घ्या, तो तुमचा हक्क आहे. मी दारात उभी आहे.

गाडी बाराव्या दिवशी आहे.