सैतोसाहेबांना हवी असलेली घोंगडी

शिरवळ, ६ ऑक्टोबर

सौ. मंगलवहिनीस,
सा. न. वि. वि.

आपल्या आबांचा धनगरी पोशाख दुसऱ्या कुणी हौसेनं घातला, तर तो आबांचा मान की चेष्टा? वहिनी, मला खरंच सांगता येत नाही.

आमच्या सोसायटीत कंपनीचे जपानी आणि इतर परदेशी लोक राहतात. ३१ तारखेला त्यांचं हॅलोविन आहे. भुताखेतांची, नाहीतर आवडतील ती सोंगं घ्यायची आणि पोरांनी दारोदार खाऊ मागायचा. कंपनीची दुभाषी म्हणून मलाही जायचंय. माझ्या टेबलावरचा आबांचा घोंगडी पांघरलेला फोटो पाहून आमच्या जपानी सैतोसाहेबांनी कमरेत वाकून विचारलं, मी असा धनगर होऊ का? मी हो म्हणून बसले.

दसऱ्याला आले तेव्हाच आबांना विचारायचं होतं, धीर झाला नाही. दिवाळीला रजा नाही. एक घोंगडी पाठवशील? फोनवर घरात सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रांजल

झरेवाडी, १३ ऑक्टोबर

प्रांजलवन्संस,
मंगलचा नमस्कार.

पत्र वाचून लय हसले. घरातली पहिली पदवी भुतांच्या वरातीला चालली म्हणायची! सायबाला म्हणावं, धनगर व्हायचंय तर आदी मेंढराचा वास अंगाला लावून घ्या. आन् तुमी कशाचं सोंग घेणार? पावडर जरा जास्त लावली की झालंच तुमचं.

सगळ्या घोंगड्या रानात मेंढरांच्या वाड्यावर गेल्यात. देवाच्या खोलीत खुंटीला एक जाड हुती, कुणी वापरत न्हाई. तीच धाडली. कुणाला बोलले न्हाई.

हिकडं समदं बरं हाय. आठवण ठेवा.

मंगल

झरेवाडी, २६ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

लय मोठी चूक झाली. मेंढरं घाटाखाली निघायच्या आदी मामंजी त्याच घोंगडीवर बसून बिरदेवाचा कौल घेत्यात. माझ्या माहेरी दरसाली नवी अंथरत्यात, मला काय ठावं! दसऱ्याची पूजा झाली की कौलापातूर तिला कुणी हात लावत न्हाई, तिकडं बघतबी न्हाई म्हणं.

खुंटी रिकामी बघून मामंजी थेट तुमच्या अर्जुनाकाकांच्या दारात गेले. वाटणीत मिळाली न्हाई म्हणून चोरलीस का, असं सख्ख्या भावाला चारचौघांत विचारलं. काकांनी आपली मेंढरं येगळी काढलीत. आमची कौलाबिगर हलत न्हाईत. रानात चारा ऱ्हायला न्हाई, कोकरं वरडत्यात.

कबूल करावं वाटतं. पर लगीन होऊन वरीस न्हाई झालं. परत ह्या घरात मला देवाच्या खोलीत कोण जाऊ दील? काय करू, तुमीच सांगा.

मंगल

शिरवळ, १ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तशीच सैतोसाहेबांकडे धावले. ते घोंगडी पांघरून आरशासमोर उभे होते. सांगताना माझी जपानी सारखी अडखळत होती. त्यांनी लगेच घोंगडी उतरवून घडी घातली, आणि आपला पाय तिला लागला का, हे आठवत बसले.

काल ते पांढरी चादर पांघरून भूत झाले. त्यांची बायको कोल्हीण, ब्राझीलचा इंजिनिअर सांगाडा. एका कोरियन मुलीनं कोरलेल्या लाल भोपळ्यात दिवा लावला होता. सगळे खिदळत होते, मी इकडचं तिकडं भाषांतर करत होते, आणि एकाही वाक्यात माझं मन नव्हतं. शेवटी जिन्यात जाऊन आधी अर्जुनाकाकांना फोन लावला, मग आबांना.

दोघांना सांगितलं, की दसऱ्याला आले तेव्हा घोंगडी मीच न विचारता उचलून नेली. मी खोटं बोलत नाही हा माझा तोरा तुला माहीत आहे. म्हणूनच त्यांना ते लगेच पटलं. आबा म्हणाले, मी सांगेस्तोवर देवाच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, शिकलेली असलीस तरी. आणि अर्जुनाच्या दारात जातो म्हणून फोन ठेवला.

घोंगडी आज पहाटे कंपनीच्या जयराज ड्रायव्हरबरोबर गेली. आता तू काही कबूल करू नकोस, लोभ असेल तर एवढं ऐक. मी सांगून मोकळी झाले आहे.

तुझीच,
प्रांजल