माळावरचा हौद

आई, हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून सुचेल तसं लिहिते. परवा पेठेतल्या तालमीत नवी पाटी लावली. सगळ्या वस्तादांची नावं आहेत, कुणी कुठलं मैदान मारलं तेही आहे. पण अख्खी पेठ माळावर जाऊन राहिली, त्या सालाबद्दल एक अक्षर नाही. आता मी सांगून पटणार कुणाला?

महाराजांचं राज्य होतं. पेठेत उंदीर मरून पडायला लागले, प्लेगाच्या धास्तीनं घरांना कुलपं लागली आणि आपण सगळे गावाबाहेर झोपड्यांत. आपले आबा तालमीचे वस्ताद. त्यांना घराची नाही, तालमीतल्या लाल मातीची काळजी. वर्षानुवर्षं ताक, तेल, हळद मुरलेली माती ती. माळावर त्यांनी कुस्तीसाठी नवा हौद खणला खरा, पण जुन्या मातीचं विरजण पडल्याशिवाय तालीम उभी राहत नाही, म्हणून हट्टानं बंद पेठेत शिरले आणि दोन बुट्ट्या भरून घेऊन आले. नव्या मातीत कालवल्या नि पोरांना म्हणाले, उतरा. कुणी उतरेना. "वस्ताद, तालमीत उंदरं मेल्यात," एक जण म्हणाला. आबांनी लंगोट कसला होता, पण मग त्यांचाही पाय उचलेना. तालीम तिथंच मोडणार, एवढं मलाही कळत होतं.

तू भाकऱ्या थापत होतीस. पिठाच्या हातानं उठलीस आणि सरळ हौदात जाऊन उभी राहिलीस. बाईमाणसाचं पाऊल हौदाला लागू द्यायचं नाही हा तालमीचा नेम. आबा म्हणाले, "अगं, नेम मोडलास की." तू म्हणालीस, "मोडला तर मोडला. मला कायबी झालं तर उतरू नगा. न्हाय झालं तर गप उतरायचं." आणि परत चुलीकडं गेलीस. तव्यातली भाकरी करपली होती.

मग सगळा माळ तुझ्याकडं बघत राहिला. तोंडानं कुणी विचारत नव्हतं. तू आपली पाणी भरत होतीस, शेजारणीशी भांडत होतीस. आठवडा-दीड आठवड्यानं पोरं उतरली. त्यानंतर तुझं नाव कुणी काढलं नाही, आबांनीसुद्धा नाही. त्याचा मला राग आला होता, अजून येतो.

एक तेवढं तुला सांगायचं राहिलं. त्या दिवसांत पहाटे मी तुझ्या कुशीत शिरायचे. "थंडी वाजती व्हय गं?" असं झोपेतच म्हणून तू मला जवळ ओढायचीस. मला थंडी वाजत नव्हती. तुझ्या काखेत गाठ आलीय का, ते मी चाचपून बघत होते.