दुसरी घंटा

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एवढा उशीर करणारी मी नव्हे, तेव्हा तू मनातल्या मनात मला चार शिव्या घातल्या असशील. घाल. काकूंनी अंथरूण धरलंय आणि दोन घंटा ऐकू येऊनही ह्यांनी नांगर का टाकला नाही, हे एकच त्या अजून विचारतात, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागेना.

आपल्या बंदरात ती गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे. धुकं पडलं की धक्क्याच्या टोकावरची घंटा वाजवायची आणि बोटींनी तिच्या आवाजावर आत यायचं. पण समुद्राला माणूस हवा असला, की तोही खालून आपली घंटा वाजवतो. दोन घंटा ऐकू आल्या की शहाण्याने नांगर टाकून गप्प बसावं. तुझे बाबा बसले नाहीत. खडकांवर गेले आणि दोन खलाशांना सोबत घेऊन गेले. तिसरा वाचला, त्याने दुसरी घंटा ऐकल्याचं शपथेवर सांगितलं, आणि सगळं खापर तुझ्या बाबांच्या हट्टीपणावर फुटलं. आपण तेव्हा सात वर्षांच्या. तुम्ही मायलेकी गाव सोडेपर्यंत काकूंशी नळावरसुद्धा कुणी धड बोलत नव्हतं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. दूधवाल्याने न मागता मापाला चार थेंब जास्त घातले, तरी मला वाटतं ह्याचं काहीतरी शिजतंय. मग समुद्र घंटा वाजवतो यावर मी एवढी वर्षं कसा विश्वास ठेवला? तुझं पत्र खिशात घालून मी सरळ बंदराच्या म्हाताऱ्या पायलटकडे गेले. नव्वदी उलटली, कान गेलेत, पण डोकं शाबूत आहे. ते म्हणाले, त्या धुक्याआधी मी तीस वर्षं या बंदरात जहाजं आणली, खालच्या घंटेबद्दल कधी ऐकलं नव्हतं. मग पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, असं मी पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, तुझ्या बापाकडून.

ठमे, लाज वाटते सांगायला, पण मी स्वतःच्या वडिलांवर पाळत ठेवली. चहाला बसलं की मुद्दाम धुक्याचा विषय काढायचा आणि चेहरा बघायचा. शेजारच्या पोरांना ते ती गोष्ट अगदी रंगवून सांगतात. पण आवाज नेमका कुठल्या बाजूने आला, असं मी मध्येच विचारलं की त्यांना चष्मा पुसायचा असतो. एवढा पुसला की काच झिजायची.

बाबा बंदराच्या ज्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्याच्याच स्टोअरमध्ये मी आता काम करते. तिथे कामाच्या वह्या कुणी टाकून देत नाही, कारण टाकायची परवानगी कुणाकडून घ्यायची हेच कुणाला ठाऊक नाही. त्या तारखेचं पान सापडलं. 'टगबोटीची घंटा. नवा लोलक बसवला. आवाज फाटकापर्यंत तपासला.' अक्षर बाबांचं. धक्का एका बाजूला, आमचं वर्कशॉप दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ते खडक, हे तुला सांगायला नको.

आता, आवाज तपासायला दोन माणसं लागतात. एकाने टोले द्यायचे, दुसऱ्याने फाटकाशी जाऊन ऐकायचं. म्हणजे बाबांना एक साथीदार होता. माझा संशय तिथल्या वेल्डरवर गेला. तो त्याच वर्षी बदली मागून निघून गेला होता. दोघांनी मिळून हे दडपलं, समुद्राच्या नावावर ढकललं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. रविवारी दुपारी बाबांसमोर वही आपटली आणि तोंडाला येईल ते बोलले.

त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. म्हणाले, सगळ्या बोटी आत आल्या असं समजून मी काम उरकायला घेतलं. फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मी परत येईपर्यंत टोले देत राहा, असं सांगून गेलो होतो. तिथे कुणीतरी मला बोलण्यात गुंतवलं, पाव तास गेला. मी विचारलं, टोले कोण देत होतं? त्यांनी आपली कपबशी उचलली, विसळली, पालथी घातली. मग म्हणाले, शाळेला सुट्टी होती म्हणून तू बरोबर आली होतीस.

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. बाबा म्हणतात, लिहायचंच तर घंटा बापाने वाजवली असं लिही, माझे किती दिवस राहिलेत. तसं पत्र मी लिहिलंही होतं, पाकिटात घातलं होतं, आणि मग फाडलं. काकू असेपर्यंत हे त्यांच्या कानावर जायला हवं, म्हणून पुन्हा लिहायला बसले. त्यांना सांग, दोन घंटांचा नियम तेव्हा नव्हताच. तो माझ्या वडिलांनी मला वाचवायला नंतर रचला आणि तुम्हाला बुडवलं. काकांनी काहीच मोडलं नाही. धुक्यात जवळची घंटा ऐकू आली, तिच्या आवाजावर त्यांनी बोट घातली, आयुष्यभर घालत होते तशीच. त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव आणि ती घंटा माझ्या हातात होती, ते वाक्य गाळू नकोस.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच